शुक्रवारी जपून बोलायचं

लग्न होऊन मी भिवंडीत आले, माप ओलांडलं, आणि सासऱ्यांनी मला पहिली भेट दिली ती कापसाच्या दोन बोळ्यांची. हळदीकुंकवाच्या चांदीच्या तबकात ठेवून, अगदी रीतसर. "कानात घाल, चार-सहा महिन्यांनी लागणार नाहीत," असं माझ्या कानाशी ओरडले आणि स्वतःच्याच बोलण्यावर एवढे हसले, की ओवाळणारीच्या हातातलं निरांजन विझलं. सासूबाईंनी ते पुन्हा लावलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की माझ्या लक्षात आलं, हे विझणं आणि लावणं या घरात जुनंच आहे.

माझं माहेर अलिबागजवळच्या वाडीत. तिथे नारळ पडला तरी चार घरांना कळायचं. इथे आमच्या घराला लागून पॉवरलूमचा कारखाना होता आणि दोघांत मिळून भिंत एकच. त्या भिंतीपलीकडे दिवसरात्र, शिफ्टमागून शिफ्ट, लूम चालायचे. फडताळातल्या बश्या आपोआप पुढे सरकत यायच्या. हवेत कापसाचा भुगा तरंगायचा आणि दुधावर साय धरायच्या आत तो धरायचा. पहिल्या आठवड्यात मी आईला कळवलं, की माणसं प्रेमळ आहेत पण सगळी माझ्यावर ओरडतात.

मी सासऱ्यांना मामंजी म्हणायचे. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. घरच्या कर्त्या पुरुषाकडे जे गांभीर्य असावं लागतं, ते त्यांनी थोरल्या मुलाला लहानपणीच देऊन टाकलं होतं आणि स्वतःकडे काही म्हणता काही ठेवलं नव्हतं. कोणाकडची हळद असो, बारसं असो, आमंत्रण असो वा नसो, मामंजी हजर. जवळच्या कोन गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी हळदीला ते बेंजोच्या तालावर असे नाचले, की तिथल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, हा मुलाकडला हाय का मुलीकडला. ते कोणाकडलेच नव्हते. त्या शेतकऱ्याचा कधीकाळी कचेरीत एक अर्ज पुढे सरकवला होता, एवढंच नातं. आमचा अर्ज त्यांनी कधी पुढे सरकवला असेल असं मला वाटत नाही, कारण घरचं कुठलंही काम ते उद्यावर ढकलायचे आणि उद्या कुठे तरी हळद असायची.

पण त्यांची खरी करमणूक घरातच चाले, आणि ती लूमच्या जिवावर. लोकांना वाटतं की गोंगाटात राहणाऱ्यांचं खासगी असं काही उरत नाही. उलट आहे. आमच्या गल्लीत प्रत्येक जण ओरडून बोलायचा, आणि जेमतेम त्याच्या शेजारच्यालाच ऐकू जायचं. चार हात लांबचा माणूस आपला नुसता हलणारे ओठ बघत बसायचा. त्यामुळे मनातलं बोलायचं असलं की आम्ही मागच्या भिंतीशी जायचो. नणंदेचं लग्न त्या भिंतीशी ठरलं, नवराबायकोची भांडणं त्या भिंतीशी झाली आणि मिटली. मामंजी तर समोर पाहुणा बसलेला असताना माझ्या कानाशी त्याचं वर्णन करायचे, त्याच्या पोटापासून त्याच्या कंजूषपणापर्यंत, आणि बोलता बोलता त्याच्याकडे बघून हात जोडायचे. पाहुणा भारावून जायचा. सून सासऱ्यांच्या तोंडून कुलाचाराच्या गोष्टी ऐकते आहे, असं त्याला वाटत असावं. मला हसू दाबता दाबता नाकी नऊ यायचे.

या सगळ्याला सुट्टी एकच, शुक्रवारची. शुक्रवारी कारखाने बंद. गल्ली एकदम उघडी पडल्यासारखी व्हायची आणि कोणाच्या घरात कोण खोकलं हेही ऐकू यायचं. म्हणून आमच्या घरचा नियम होता, शुक्रवारी जपून बोलायचं. त्या दिवशी हवा, भाजी आणि देवाधर्माच्या गप्पा. बाहेरच्या माणसाला वाटावं, किती सात्त्विक कुटुंब आहे. मामंजींचे शुक्रवारी फार हाल व्हायचे. सकाळपासून येरझारा घालायचे, ओठ दाबून समोरच्या ओट्याकडे बघायचे आणि शनिवारी सकाळी पहिला लूम सुरू झाला की सगळी साठलेली निंदा चहाबरोबर एकदम बाहेर काढायचे.

धोका होता तो लाइट जाण्याचा. लाइट काही सांगून जात नाही. सगळे लूम एका क्षणात थांबायचे आणि तेव्हा जो बोलत असेल त्याच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग गल्लीभर पसरायचा. आमच्या गल्लीला एकमेकांबद्दल जे काही माहीत होतं ते असं अर्ध्या वाक्यांतून. मला दिवस गेल्याचं मी सासूबाईंना भिंतीशी सांगत होते. "आई, मला वाटतं" एवढं लूममध्ये बुडालं आणि पुढचं सगळ्या गल्लीने ऐकलं. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून कैरीचं लोणचं आलं. भिंतीपलीकडच्या कारखान्याचे मालक चाचा, त्यांच्या घरून शेवया आल्या. माझ्या नवऱ्याला ही बातमी नाक्यावर पानवाल्याने सांगितली, आणि मामंजींनी त्याच पानवाल्याकडून गल्लीला पानं वाटली. मी शरमेने खोलीबाहेर आले नाही. मामंजी दाराशी येऊन म्हणाले, लाजतेस काय, आकाशवाणी झाली म्हण.

असं सगळं छान चाललेलं असताना त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला त्यांच्या छातीत कळ आली. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता विश्रांती आणि शांतता. त्यांचा दवाखानाही दोन कारखान्यांच्या मधोमध, त्यामुळे शांतता हा शब्द त्यांना तीनदा ओरडून सांगावा लागला.

तो शब्द ऐकल्यावर थोरले दीर पुढे झाले, कारण शांतता ही त्यांचीच मालमत्ता होती. ते ठाण्याला राहायचे, मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते आणि गाव विचारलं की "ठाणे जिल्हा" असं सांगून पुढच्या विषयाकडे वळायचे. त्यांच्या घरी सगळे हळू बोलत. हळू चालत. जाऊबाई स्टीलचं भांडंसुद्धा ओट्यावर असं ठेवायच्या, जसं काही ते झोपलेलं मूल आहे. माणसं वाईट नव्हती हो, अजिबात नव्हती. दिरांचा वडिलांवर जीव होता. ते मामंजींना आणि सासूबाईंना गाडीतून घेऊन गेले, कायमचे. कायमचे हा शब्द मात्र त्यांनी गाडीचं दार लावल्यावर काचेतून उच्चारला.

ठाण्यात पहिल्याच संध्याकाळी मामंजी गॅलरीत उभे राहिले. खाली बाग, बागेत सोसायटीची माणसं, त्यांत सेक्रेटरी. मामंजींनी शेजारी उभ्या जाऊबाईंना, म्हणजे हातभर अंतरावर, जशी सवय तसं विचारलं, की या माणसाच्या डोक्यावर जे आहे ते तो रात्री काढून खुंटीला लावतो का. बागेतल्या सगळ्या माना वर झाल्या. सेक्रेटरींचा हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मामंजी तिकडे बघून प्रसन्न हसले आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांना बसवून मामंजींनी जाऊबाईंना विचारलं, तू म्हणालीस ती रोज कढीपत्ता मागायला येणारी हीच ना? त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. कढीपत्ता वाचला, एवढी जमेची बाजू. चार दिवसांत जिन्यात फळा लागला, की गॅलरीत उभं राहून मोठ्याने बोलू नये. कोणाचं नाव नव्हतं. इमारतीत मोठ्याने बोलणारा माणूस एकच होता.

मग एके दिवशी ऑफिसातून आल्यावर दीर त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "बाबा, इथे आपलं सगळं सगळ्यांना ऐकू जातं. जरा हळू बोलत जा." रागावून नाही, हात हातात घेऊन. सासूबाईंनी हे मला नंतर सांगितलं. रागावले असते तर मामंजींनी त्याचीही नक्कल केली असती. पण मुलाने हात हातात घेतला, तेव्हा त्यांचं काही चालेना. ते बरं म्हणाले आणि त्या दिवसापासून हळू बोलायला लागले.

हळू बोलायचं म्हणजे किती हळू, याचा त्यांना अंदाज नव्हता. जन्मभर दोनच पट्ट्या माहीत, लूम आणि शुक्रवार. त्यांनी शुक्रवार धरला. रोज शुक्रवार. फोन यायचा त्यांचा, तर पलीकडून ते कुजबुजायचे आणि अलीकडे माझ्या पाठीशी लूम. मी ओरडायचे, मामंजी, मोठ्याने बोला, काही कळत नाही. मग सासूबाई फोन घ्यायच्या आणि सगळं ठीक आहे म्हणायच्या. फोन ठेवला की माझा जळफळाट व्हायचा. कोणावर करायचा हे कळायचं नाही, म्हणून नवऱ्यावर करायचे.

शेवटी एका रविवारी आम्ही ठाण्याला गेलो. मामंजी हॉलमध्ये बसले होते. इस्त्रीचा झब्बा, मांडीवर कसलंसं मासिक, तेही उलटं नाही, सुलटं. मला बघून हसले, पण ते आल्यागेल्यासाठी ठेवलेलं हसू होतं. दिरांनी उत्साहाने त्यांची प्रकृती सांगितली. रक्तदाब उत्तम, नाडी उत्तम, साखर उत्तम. एका माणसाखेरीज सगळं सुधारलं होतं. माझ्या मुलीने त्यांच्या गळ्यात पडून कोंबड्याचा आवाज काढायला सांगितलं, तर त्यांनी आधी दिरांकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या काळजात घुसलं. आमच्या घरात त्यांनी कधी कोणाकडे बघून मग तोंड उघडलेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई म्हणाल्या, चटणी वाटून घेतेस का, मिक्सर तेवढा थोडा थोडाच लाव. मी खोबरं घातलं, बटण दाबलं, आणि मामंजी दारात आले. मिक्सरचा आवाज ऐकून आले, जसा कोणी ओळखीची हाक ऐकून येतो. सरळ माझ्याजवळ आले, कानाशी वाकले आणि कित्येक आठवड्यांनी आपल्या खऱ्या आवाजात बोलले.

"मला घरी घेऊन चल. ही सगळी फार चांगली आहेत, मला फुलासारखं ठेवतात. पण इथे माझं तोंड बंद झालं. तोंड बंद झालेला म्हातारा जिवंत ठेवून तुम्ही करणार काय?"

ऐकता ऐकता माझा हात बटणावरून निघाला. नेमका 'म्हातारा'पाशी. पुढचं सगळ्या हॉलने ऐकलं.

दीर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, मामंजींना आम्ही घेऊन जातो. माझ्या नवऱ्याने लगेच, डॉक्टरांना एकदा विचारावं का, असं म्हणून पाहिलं. त्यांचा स्वभावच तसा, पाणी प्यायच्या आधीही विचारावं का म्हणतात. दीर मात्र स्पष्ट बोलले, आणि हळूच बोलले. तिथे ती खडखड, ती धूळ, रोजची दगदग. त्यांचं हृदय सोसणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

बोलून गेले खरी. मी काही डॉक्टर नव्हते. मी त्या घरची धाकटी सून, दहावीपुढे चार पुस्तकं वाचलेली. दिरांचं म्हणणं खोटं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. घरी नेलं तर माणूस आपला आपल्याला परत मिळेल, पण कदाचित थोड्याच दिवसांसाठी. इथे ठेवला तर बरीच वर्षं राहील, पण तो हा नव्हे. यातलं काय बरं, हे ठरवायचा अधिकार मला कोणी दिला होता? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या. आत गेल्या आणि मामंजींचे कपडे पिशवीत भरायला लागल्या.

परत येताना रिक्षात ते कशेळीच्या पुलापर्यंत गप्प होते. पुलावर ट्रकांची रांग, सगळे भोंगे एकदम. तिथे त्यांनी घसा साफ केला आणि सेक्रेटरींपासून सुरुवात केली ती घर येईपर्यंत. सोसायटीतल्या एकूण एक माणसाची नक्कल त्यांनी मनात तयार करून ठेवलेली होती. रिक्षावाला हसून हसून रडकुंडीला आला. सासूबाई मात्र बाहेरच्या बाजूला तोंड करून डोळे पुसत होत्या, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं.

पुढे मामंजी जवळजवळ अडीच वर्षं राहिले. ती अडीच वर्षं माझ्या छातीत धडधड होती, त्यांच्या नव्हे. ते जिना चढले की मी श्वास मोजायचे. ते हळदीला गेले की मी मागे मुलीला पाठवायचे. नाचू नका म्हटलं तर खुर्चीत बसून नाचायचे. मीठ कमी केलं तर लोणच्याच्या बरणीशी सलगी करायचे. दीर महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचे, भिंतीकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि जायचे. मामंजी मागे त्यांची नक्कल करायचे आणि ती करताना मध्येच थांबून म्हणायचे, पोरगा वाळलाय, त्याला घरचं तूप दे.

गेले ते दुपारी. जेवून भिंतीशी आडवे झाले. लूम चालू होते. मी चहाला उठवायला गेले तेव्हा बऱ्याच वेळापूर्वीच गेलेले होते. कोणाला कळलं नाही.

बातमी कारखान्यात गेली आणि चाचांनी लूम बंद केले. दारात येऊन उभे राहिले, टोपी नीट केली, म्हणाले, "बडे बाबू गये, आज लूम कैसे चलेगा?" आजूबाजूचे कारखानेही एकेक करून थांबले. शुक्रवार नसताना गल्ली अशी गप्प मी कधी पाहिली नव्हती. माणसं जमली आणि सगळी भिंतीला टेकून उभी. आम्ही घरातली माणसं मात्र अवघडून गेलो. त्या शांततेत रडायचं कसं हेच आम्हाला येत नव्हतं. हुंदका आला की सगळ्या माना वळायच्या. मी पदर तोंडात कोंबला. सासूबाई तर पाटासारख्या ताठ बसलेल्या, डोळे कोरडे.

दीर ठाण्याहून आले. वडिलांच्या पायाशी बसले आणि बऱ्याच वेळाने, त्यांच्या त्या हळू आवाजात, कोणालाच न उद्देशून बोलले. "ह्या आवाजानेच नेलं त्यांना."

हळूच बोलले होते. ओट्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, निदान मला तसं वाटलं. कदाचित त्यांचं खरंही असेल. आजही मला ते ठाऊक नाही. जबाबदारी माझी म्हणाले होते, ती त्या क्षणी उरावर येऊन बसली आणि अजून उठलेली नाही.

तेव्हा सासूबाईंनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"चाचांना सांग, लूम चालू करा."

मला वाटलं, दुःखाने यांना भ्रम झाला. मी म्हटलं, आई, लोक काय म्हणतील, अजून त्यांना न्यायचं आहे.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "यांच्याशी बोलायचंय मला. एवढ्या लोकांत कशी बोलू?"

मी जाऊन चाचांना सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना समजलं. ते आत गेले. आधी एक लूम लागला, मग दुसरा, मग सगळे. भिंत हलायला लागली. सासूबाई पुढे सरकल्या, मामंजींच्या कानाशी वाकल्या आणि बोलायला लागल्या. खूप वेळ बोलल्या, मध्ये एकदा रागावल्या, एकदा चक्क हसल्या. आम्हाला ओठ तेवढे दिसत होते. मी पदर सोडला. आणि समोर बघते तर दीर, आयुष्यभर हळू बोललेला माणूस, वडिलांच्या पायावर डोकं ठेवून तोंड उघडून, मोठमोठ्याने रडत होते. मी हातभर अंतरावर होते, म्हणून मला ऐकू आलं. गल्लीत कोणालाही ऐकू गेलं नाही.